'हिंदुस्थानातून देशी आले' म्हणजे कुठून कुठे आले?

कागलच्या एका शिक्षिकेनं घरातल्या जुन्या मोडी कागदाचा फोटो मला पाठवलाय. त्यातली एक ओळ त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडून लावून घेतली आहे: 'चिरंजीव रावजी हिंदुस्थानातून देशी आले.' या ओळीवरून घरात दोन तट पडलेत. चुलते म्हणतात, आपला पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी परदेशात जाऊन आला, हा घ्या पुरावा. बाईंना ते पटत नाही. पण हिंदुस्थानातून निघालेला माणूस 'देशी' कसा येईल, हेही त्यांना उमगत नाही. त्याला जोडून त्यांनी वर्गातले दोन प्रश्नही विचारलेत. भारत, हिंदुस्थान आणि इंडिया यांतलं खरं नाव कोणतं? आणि 'यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति भारत' या श्लोकात कृष्ण आपल्या देशाला हाक मारतो का?

कोल्हापुरात बसून मी तीस वर्षांवर मोडी कागद लावतोय. वतनाचे, इनामाचे, देवस्थानाचे, घरगुती पत्रव्यवहाराचे. या प्रश्नांनी मला खरोखर आनंद झाला, कारण तिन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कागदाचं. रावजी समुद्रापलीकडे गेले नव्हते, ते नर्मदेपलीकडे गेले होते. मराठेशाहीच्या कागदांत 'हिंदुस्थान' हा शब्द बहुतेक वेळा उत्तरेसाठी येतो. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेमधली अंतर्वेद, तो सगळा पट्टा म्हणजे हिंदुस्थान. सरदार हिंदुस्थानच्या स्वारीवर निघत, शिंदे-होळकरांच्या फौजा हिंदुस्थानात छावणी करून राहत, आणि मोहीम आटोपली की मंडळी 'देशी' येत. देश म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचं आपलं पठार. त्यामुळे ही ओळ लिहिणाऱ्याला तिच्यात काहीच विचित्र वाटलं नसेल. मुलगा उत्तरेतून घरी आला, एवढंच त्याला सांगायचं होतं.

फोटो मोठा करून पाहिला तर शेवटच्या ओळीत 'खमस अशर मयातैन व अलफ' ही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारी सालं मोजण्याची एक रीत. शब्द अरबी आहेत आणि एकक आधी येतो: खमस म्हणजे पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२१५. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १८१४ येतं. हे साल मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून कागद १८१४ च्या पावसाळ्यापासून १८१५ च्या उन्हाळ्यापर्यंत केव्हाचाही असू शकतो. त्या काळात दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरला पडलेला होता. त्या तळाचंच पुढे शहर झालं, म्हणून ग्वाल्हेरच्या त्या भागाला आजही 'लष्कर' म्हणतात. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटग्यांच्या कन्या. तेव्हा कागलचा एखादा तरुण चाकरीसाठी तिकडे असणं अगदी साहजिक होतं. रावजी शिंद्यांच्याच पदरी होते असं मात्र या एका ओळीवरून म्हणू नका. त्यासाठी दुसरा कागद लागेल.

बायजाबाईंचे बंधू हिंदुराव घाटगे उत्तरेतच राहिले. दिल्लीच्या टेकडीवरचा त्यांचा वाडा १८५७ च्या वेढ्यात लढाईचं मुख्य ठाणं झाला. आज त्याच जागी हिंदुराव हॉस्पिटल आहे. कागलचं नाव असं हिंदुस्थानात कायमचं राहिलं. आपल्याकडेही हिंदुराव नावाचे आजोबा कितीतरी घरांत सापडतात. देशाच्या नावातला तो 'हिंद' माणसांच्या नावात केव्हाच घरचा झाला होता.

उत्तर म्हणजे हिंदुस्थान, हा जुना अर्थ पूर्ण गेलेला नाही. संगीतात तो जिवंत आहे. हिंदुस्थानी संगीत म्हणताना आपण त्यातून कर्नाटक संगीत वगळतो, म्हणजे इथे हिंदुस्थान अर्ध्याच देशाचं नाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांची गायकी इथे रुजली. कोल्हापूरकर 'आमचं हिंदुस्थानी संगीत' म्हणतो तेव्हा शब्द उत्तरेचा असतो आणि आपुलकी घरची असते.

आता 'देश'. या शब्दावर मी तासभर बोलू शकेन. वैभववाडीकडचा माणूस करूळचा घाट चढून गगनबावड्याला पोचला की आजही म्हणतो, 'देशावर आलो.' त्याने देशाची सीमा ओलांडलेली नसते, त्याने फक्त घाट चढलेला असतो. देशमुख आणि देशपांडे या आडनावांतला देश तर त्याहून लहान आहे. तो परगणा, म्हणजे काही गावांचा समूह. देशमुख हा त्या परगण्याचा मुख्य वतनदार, देशपांडे त्याचा हिशेब राखणारा. आणि 'परदेशी' हे आडनाव पाहा. उत्तरेकडून येऊन मराठी मुलखात चाकरीला राहिलेल्या माणसांना आपल्या लोकांनी दिलेलं हे नाव. पिढ्यान्‌पिढ्या इथेच नांदलेली, मराठी बोलणारी ही कुटुंबं आजही परदेशी म्हणवतात. बाई, तुमच्या चुलत्यांना हे आडनाव नक्की सांगा. ज्या काळात राजपुतान्यातला किंवा अयोध्येकडचा माणूस 'परदेशी' होता, त्या काळातला 'देशी' शब्द आजच्या नकाशावर ठेवून कसा चालेल?

बाजारात हाच शब्द आणखी वेगळा होतो. पुण्याकडे गावठी म्हणतात, सरकारी कागदात देशी लिहितात, आणि आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात त्यालाच 'जवारी' म्हणतात. जवारी कोंबडी, जवारी केळी, जवारी मिरची. ज्ञानेश्वरांनी गीतेला 'देशीकार लेणें' घातलं तेव्हा देशी म्हणजे मराठी भाषा. देशोधडीला लागणं, देश तसा वेश, यांतला देश म्हणजे नुसती जागा किंवा मुलूख. या सगळ्यांत पासपोर्टचा देश कुठेच नाही. तो अर्थ आपल्या बोलण्यात अलीकडे पक्का झाला. शाळेत 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा मुलं म्हणतात तेव्हा दोन फार जुने शब्द एका नव्या अर्थाने शेजारी उभे राहतात. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली.

असा शब्द समोर आला की काय करायचं, याचं उदाहरण आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. मालक नोकराला म्हणतो, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे सिंधू नदीच्या मुलखातलं. त्या मुलखातून मीठ येई आणि घोडेही येत, त्यामुळे सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. मालक जेवायला बसलेला असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला असेल तर घोडा. आपण ज्याला शेंदेलोण म्हणतो ते हेच सैंधव लवण. कोणताही कागद हातात घेतला की मी आधी हेच विचारतो: लिहिणारा पानावर बसलाय की रिकिबीत पाय घालतोय?

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात वतनाच्या एका दाव्यासाठी मी मोडी कागदाचं भाषांतर करून दिलं होतं. त्यात 'अमुक हिंदुस्थानात असता वाटणी झाली' असं वाक्य होतं. मी इंग्रजीत सरळ 'इंडिया' लिहून मोकळा झालो. वकिलांनी विचारलं, वाटणी इंडियात झाली असं म्हणता, मग त्यात काय विशेष? मूळ कागदाचा सगळा मुद्दा असा होता की त्या वेळी तो भाऊ उत्तरेत होता, गावात नव्हता, त्यामुळे वाटणी त्याच्या माघारी झाली. एका शब्दाच्या भाषांतराने गैरहजर माणूस हजर झाला होता. ते पान मी पुन्हा लिहून दिलं, आणि तेव्हापासून हिंदुस्थान शब्द दिसला की हात आपोआप थांबतो.

आता गीतेचा श्लोक. वर्गातल्या त्या मुलाला शाबासकी द्या, कारण पुष्कळ मोठ्या माणसांचाही तोच समज आहे. 'यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति भारत' यातला भारत म्हणजे अर्जुन. भारत म्हणजे भरताच्या वंशातला. त्याची खूण अशी, की दुसऱ्या अध्यायात 'तमुवाच हृषीकेशः प्रहसन्निव भारत' असं वाक्य येतं आणि तिथला भारत म्हणजे धृतराष्ट्र, कारण ते संजय त्याला सांगतोय. एकाच ग्रंथात दोघांना हीच हाक मारली जाते, कारण दोघेही भरतवंशी. आणि त्या ग्रंथाचं नावही भारतच. चोवीस हजार श्लोकांची भारतसंहिता व्यासांनी रचली असं आदिपर्व सांगतं. मोरोपंतांचं आर्याभारत, मुक्तेश्वरांचं भारत म्हणताना आपले आजोबा-पणजोबा या पोथीबद्दल बोलत होते. त्यांच्या तोंडी 'भारत वाचलं' हे वाक्य अगदी साधं होतं.

त्याहून मागे गेलं तर ऋग्वेदात भरत हा एक जनसमूह आहे. त्यांचा राजा सुदास. परुष्णी, म्हणजे आजची रावी, हिच्या काठी त्याने दहा राजांशी लढाई केली. 'भारतं जनम्' असा उल्लेख तिसऱ्या मंडलात आहे आणि तिथे अर्थ भरतांचे लोक इतकाच. पुढे पुराणांत या नावाचा मुलूख होतो. विष्णुपुराणातला श्लोक प्रसिद्ध आहे: समुद्राच्या उत्तरेला आणि हिमालयाच्या दक्षिणेला जे वर्ष आहे त्याचं नाव भारत, तिथली संतती ती भारती. इथे पहिल्यांदा आपल्याला ओळखीचा नकाशा दिसू लागतो. पण भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफा लेखात खारवेल राजा 'भरधवस', म्हणजे भारतवर्ष, जिंकायला निघाल्याचं कोरलेलं आहे, आणि तिथे तो उत्तरेचाच मुलूख दिसतो, कारण कलिंग त्यात धरलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा ओडिशातला राजा आणि दोनशे वर्षांपूर्वीचा कागलचा कारकून, दोघांनीही देशाचं नाव उत्तरेपुरतं वापरलं. हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

अशोकाच्या लेखांत तर भारत नाहीच, तिथे जंबुद्वीप आहे. ते नाव आपल्याकडे कुठे टिकलं, तर पूजेत. घरी सत्यनारायण असेल तेव्हा गुरुजींचा संकल्प कान देऊन ऐका. भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे... पाकिटावर पत्ता लिहावा तसा तो संकल्प एकेक मुलूख सांगत जातो. त्यातही 'देशे' हा शब्द भरतवर्षाला लागलेला नाही, तो दंडकारण्याला लागलाय. रावजींच्या कागदातल्या 'देशी'चा हा थोरला भाऊ.

नाव देणारा भरत कोणता, हा वाद मुलांपर्यंत नेऊ नका. दुष्यंत-शकुंतलेचा मुलगा भरत, ऋषभदेवांचा मुलगा भरत, दोन्ही परंपरा ग्रंथांत आहेत आणि दोन्ही जुन्या आहेत. नाट्यशास्त्राचे भरतमुनी वेगळेच, आणि त्या शास्त्रात तर भरत या शब्दाचा अर्थ नट असाही होतो.

इंडिया आणि हिंदुस्थान ही नावं एकाच नदीची लेकरं आहेत. सिंधूतला 'स' इराणी भाषांत 'ह' होतो, जसं सप्तसिंधूचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, हप्तहिंदू झालं. इराणच्या दार्‍युशाच्या लेखात 'हिदुश' हा त्याच्या साम्राज्याचा एक प्रांत आहे, म्हणजे सिंधूकाठ. ग्रीकांनी ते नाव इराण्यांकडून घेतलं, त्यांच्या तोंडी 'ह' गळाला आणि इंडोस, इंडिया झालं. सुरुवातीला तेही नदीकाठापुरतंच होतं. मग मेगास्थेनीस हा ग्रीक वकील पाटलिपुत्रापर्यंत येऊन राहिला आणि त्याच्या लिखाणातला इंडिया गंगेपर्यंत पसरला. 'इंडिया हे इंग्रजांनी दिलेलं नाव' असं वर्गात कुणी म्हणालं तर एवढंच सांगा, की इंग्रज इथे येण्याआधी दोन हजार वर्षं ते नाव चालत होतं. 'हिंदुस्थान'मधला 'थ'सुद्धा पाहण्यासारखा आहे. फारसीत स्तान, संस्कृतात स्थान, दोन्ही शब्द एकाच कुळातले. मराठीने आपल्या कानाला जवळचा 'थ' ठेवला.

आणि ज्या शब्दापासून हे सगळं निघालं तो सिंधू शब्द आपल्या घाटाखाली वेगळ्याच अर्थाने बसलाय. सिंधुदुर्ग म्हणजे सिंधू नदीवरचा किल्ला नाही, समुद्रातला किल्ला. संस्कृतात सिंधू म्हणजे नदीही आणि समुद्रही.

भूगोलाच्या पुस्तकातला 'हिंदी महासागर'ही मुलांना दाखवा. त्या हिंदीचा हिंदी भाषेशी संबंध नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठीत 'हिंदी माणूस', 'हिंदी लोक' म्हणजे भारतीय लोक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी 'इंडिया'ला मराठी प्रतिशब्द म्हणून हिंदुस्थान सर्रास वापरात आलं, 'हिंदुस्थान सरकार' छापलं जाऊ लागलं आणि रावजींच्या वेळचा उत्तरेपुरता अर्थ त्याखाली झाकला गेला. पुढे हिंदी हा शब्द भाषेपुरता उरला, भारतीय हा शब्द माणसांना मिळाला. महासागराचं नाव मात्र तसंच राहिलं.

एकाच जागेला दोन नावं कशी, हे कोल्हापूरच्या मुलांना समजावणं तर सगळ्यात सोपं आहे. आपल्या गावाला ती आहेतच. बाजारहाटाला जातो ते कोल्हापूर, आणि अंबाबाई आहे ती करवीरनिवासिनी. संस्थानाच्या कागदांवर 'छत्रपती सरकार करवीर', लोकांच्या तोंडी कोल्हापूरचं संस्थान. करवीर हे संस्कृतात कण्हेरीचंही नाव. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि करवीर हे राज्याचं नाव आज एका तालुक्याचं नाव म्हणून उरलंय. कोणतं खरं, असं अंबाबाईच्या रांगेतल्या कुणाला विचारलं तर त्याला प्रश्नच कळणार नाही. पूजेला एक, एसटीच्या पाटीला दुसरं.

संस्थानाचा विषय निघालाच आहे तर कायद्याची एक गोष्ट सांगतो, कारण १९४९ च्या आधीचे कागद लावताना ती फार लागते. कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या १८९७ च्या कायद्यात 'ब्रिटिश इंडिया' आणि 'इंडिया' यांच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या. इंग्रजांचा थेट अंमल असलेला मुलूख तो ब्रिटिश इंडिया, आणि त्यात संस्थानं मिळवली की इंडिया. म्हणजे कोल्हापूर इंडियात होतं, पण ब्रिटिश इंडियात नव्हतं. आपल्या जुन्या कागदांत इंग्रजी हद्दीला 'खालसा मुलूख' म्हणतात. घाबरून जाऊ नका, त्याचा शीख धर्मातल्या खालसाशी काही संबंध नाही. थेट सरकारच्या ताब्यातला तो खालसा.

इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात एक पूल आहे, त्याचं नाव 'पोंते आल इंदियानो', म्हणजे इंडियनाचा पूल. तो इंडियन कोण? आपले छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली विलायतेहून परतताना, ३० नोव्हेंबरला, अवघ्या विसाव्या वर्षी ते फ्लोरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे १८७४ मध्ये त्यांच्या स्मारकाची छत्री उभारली गेली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी आपल्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. शंभर वर्षांनी जवळच मोठा पूल झाला आणि त्यालाही 'इंदियानो' हेच नाव मिळालं. कोल्हापुरात ते छत्रपती, संस्थानाच्या दप्तरात करवीरकर, आणि आर्नोच्या काठी नुसते 'इंदियानो'. तिथल्या लोकांना करवीर माहीत असण्याचं कारण नव्हतं. माणूस जितका लांब जातो तितकं त्याच्या गावाचं नाव मोठं होत जातं. इथे आपण फुलेवाडीचे, पुण्यात कोल्हापूरचे, दिल्लीत महाराष्ट्राचे, आणि फ्लोरेन्समध्ये भारताचे. तिथल्या छत्रीचा फोटो वर्गात लावता आला तर जरूर लावा. मी कित्येकदा त्या छत्रीचा फोटो पाहत बसलोय. त्या तरुण मुलाची आठवण परक्या गावाने अशी जपली, याने गळा दाटून येतो.

दुसऱ्यांच्या देशांची नावंही आपण अशीच वापरली. मराठी कागदांत 'हबसाण' येतं तेव्हा आफ्रिकेतला हबशांचा देश शोधू नका. तो जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. 'फिरंगाण' म्हणजे वसईकडचा पोर्तुगिजांचा पट्टा, आणि नुसतं 'फिरंग' म्हणजे युरोपी पात्याची सरळ तलवार. एका यादीत 'फिरंगा सात' असं वाचून एका अभ्यासकाने सात गोरे कैदी धरले होते, त्या तलवारी होत्या. विलायत हा मूळचा अरबी शब्द, अर्थ मुलूख किंवा प्रांत. पुढे आपल्याकडे तो इंग्लंडलाच चिकटला. यवन म्हणजे आधी आयोनियाचे ग्रीक. मोसंबीत मोझांबिक आहे. लोणच्याच्या बरणीत चिनी माती आहे आणि कालिदासाच्या ध्वजावर चिनांशुक म्हणजे चिनी रेशीम. नावाची वस्तू होणं आपल्याला नवं नाही. 'एक कोल्हापुरी द्या' म्हटलं की दुकानदार चप्पलच काढतो, आणि २०१९ मध्ये मिळालेलं तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना लागू आहे.

मग कायद्याने नाव कोणतं? संविधानाचा पहिला अनुच्छेद: 'इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल.' हिंदी पाठात क्रम उलटा आहे, 'भारत, अर्थात् इंडिया'. इंग्रजीत इंडिया आधी आलं, ते सहज पडलेलं नाही. १८ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी भारत हे नाव आधी यावं अशी दुरुस्ती मांडली होती. मतदान झालं, बाजूने ३८, विरुद्ध ५१. दुरुस्ती पडली, पण त्यामुळे भारत नावाला कमीपणा आला नाही. 'अर्थात' या शब्दाने दोन्ही नावं एकमेकांच्या बरोबरीला ठेवली. हिंदुस्थान त्या वाक्यात नाही. तो आपल्या बोलण्यात आणि गाण्यांत आहे, कायद्याच्या नावात नाही. मुलांना सरळ सांगा: कायद्याने नावं दोन, भारत आणि इंडिया. हिंदुस्थान हे तिसरं नाव लोकांचं आहे आणि जुनं आहे, आदराने घ्यावं, पण अर्जावर लिहू नये.

एवढं ठरलं तरी रोजच्या वर्तमानपत्रात भारत शब्द एकाच अर्थाने येत नाहीच. 'भारताने निषेध नोंदवला' यातला भारत म्हणजे परराष्ट्र खातं. 'भारत सहा गडी राखून जिंकला' यात अकरा खेळाडू. 'भारतात मान्सून दाखल' यात जमीन. पाचवी-सहावीच्या मुलांना एक दिवस पेपर देऊन प्रत्येक 'भारत'खाली रेघ मारायला लावा आणि तिथे कोण उभा आहे ते विचारा. व्याकरणाचा असा तास त्यांना आठवणीत राहील.

यातला एक अर्थ आपल्या ऊसपट्ट्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'इंडिया विरुद्ध भारत' अशी मांडणी केली. शेतमालाचे भाव पाडून ज्याचं भलं होतं तो इंडिया, आणि ज्याच्या जिवावर ते होतं तो भारत. संविधानाने 'अर्थात' लिहून जी दोन नावं एक केली होती, त्यांच्यामध्ये जोशींनी 'विरुद्ध' घातलं. मला ते पहिल्यांदा ऐकताना धक्का बसला होता. माझे वडील ऊस लावायचे. कारखान्याचं बिल थकलं की ते ओट्यावर बसून म्हणायचे, 'आपला भारत रं ह्यो, आपलं कोण ऐकतंय.' शब्दकोशात हा अर्थ नसेल, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांच्या तोंडी तो आहे, आणि म्हणून तो अर्थ खराच आहे.

आता पुन्हा तुमच्या कागदाकडे. ज्यांनी ओळ लावली त्यांनी ती बरोबर लावली आहे, मात्र 'देशी'च्या पुढे एक शब्द सुटलाय असं मला वाटतं. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिला टांगून सलग अक्षरं लिहितात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. बोरू पुन्हा शाईत बुडवला की अक्षर ठळक होतं, आणि नवशिक्या वाचणाऱ्याला तिथे नवा शब्द सुरू झाल्यासारखं वाटतं. फोटोत 'आले'च्या आधी असंच एक ठळक वळण आहे. ते 'घरी' असेल तर वाक्य 'देशी घरी आले' होईल. तसं झालं तर तुमच्या चुलत्यांनाही फार समजवावं लागणार नाही. कागद घडीवर फाटत चाललाय, त्याला सेलोटेप लावू नका. सपाट फळीवर ठेवून, खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे फोटो पुन्हा काढा. पाठीमागे 'पैवस्ती' म्हणून पत्र पोचल्याची तारीख लिहिलेली असते. ती मिळाली तर रावजी कोणत्या महिन्यात घरी होते, तेही सांगता येईल.